वरून चार बोटं पुळण

प्रिय थोरल्या वैनी,

काल तुमची कर्दळीची कुंडी उपडी केली. उपटू नको म्हणून तुम्ही माझा हात धरून सांगितलं होतंत, तरी केली. करावीच लागली. आणि त्यातून जे बाहेर आलं ते बघितल्यापासून मला घास गोड लागत नाहीय. ह्यांना सांगायला गेले तर म्हणाले, "जाऊ दे गो आता. माणूस गेलं, विषय संपला." तुमच्या धाकट्या दिराचा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे, त्यांचे सगळे विषय असेच संपतात. माझा संपलेला नाही. म्हटलं, ज्यांच्याशी भांडायचं त्यांनाच लिहावं.

तुम्ही होतात तेव्हा तरी कुठे भांडले मी? लग्न होऊन मांडवीच्या घरात आले त्या दिवसापासून तुम्ही थोरल्या नि मी धाकटी. तुम्ही बोलायचं, मी "हो वैनी" म्हणायचं. माझं वाक्य अर्ध्यात तोडायची तुम्हाला सवयच होती. आज तेवढी एक सोय आहे, तुम्हाला तोडता येणार नाही. तेव्हा ऐका.

आठवते ना मागच्या दारची कर्दळ? न्हाणीचं पाणी जिथे बाहेर पडायचं तिथे आयेनं, म्हणजे आपल्या सासूनं, लावलेली. लाल फुलांची. साबणाचं पाणी, भांड्यांचं खरकटं, मासळी धुतलेलं पाणी, सगळं पिऊन माणसापेक्षा उंच व्हायची. कुणी तिला खत घातलं नाही की कधी मुद्दाम पाणी घातलं नाही. पोरं तिच्या काळ्या बिया खुळखुळ्यात भरायची. वर्षभर तिच्याकडे कुणी बघायचं नाही आणि भाद्रपद आला की तिच्याशिवाय कुणाचं चालायचं नाही, कारण आपली गौर कर्दळीच्या पानावर बसते. तेरड्याची जुडी सुपात, आणि सुपाखाली कर्दळीचं पान. ते पान आपल्याच दारातलं हवं, विकतचं नको आणि शेजाऱ्याकडून मागून आणलेलंही नको. आयेचा हा नियम तुम्ही मला पहिल्याच वर्षी ऐकवला होतात, मी बिचारी बाजारातून चांगलं केळीचं पान आणलं म्हणून!

मग घर पाडलं नि बिल्डिंग उभी राहिली. मोठे भाऊजी तोवर गेले होते, आयेही गेली होती. दोन भावांचे दोन ब्लॉक, समोरासमोर दारं, मध्ये चार पावलांचा पॅसेज. गणपती गावच्या घरी सगळ्यांचा एकच, त्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न गौरीचा. आपण दोघींनी बसून ठरवलं, एक वर्ष तुमच्याकडे, एक वर्ष माझ्याकडे. पहिला मान थोरलीचा. मी आनंदानं हो म्हटलं, वैनी. खरंच आनंदानं. मला वाटलं, आता माझ्याही घरात गौर येणार.

माझ्या संकेतनं लोट्याहून त्याच्या कंपनीचं रिकामं निळं पिंप आणलं, धुऊन, उन्हात तापवून. मधोमध कापलं, बुडाला भोकं पाडली. अर्धं तुम्हाला, अर्धं मला. पाडायच्या आधी मागच्या दारची कर्दळ खणून गोणत्यात भरून ठेवली होती, तिचे गड्डेही कोयत्यानं निम्मे निम्मे केले. पिंप एक, कर्दळ एक. दोघींच्या गॅलरीत ऊनही सारखंच. म्हटलं, हिच्यात कसली आली थोरली नि धाकटी!

मी तुम्हाला विचारलं, माती कुठली घालू? मी गवंड्याची मुलगी, माझ्या माहेरी कधी कुंडी नव्हती. तुम्ही दारात उभ्या राहून म्हणालात, "पुळण भर गो. आपली कर्दळ जन्मभर पुळणीत वाढली, ती काय आता बागेतली माती मागणाराय?"

किती पटलं मला ते! खरंच तर होतं. आपलं सगळं अंगण वाळूचं, खणलं तरी वाळूच लागायची. ह्यांना घेऊन मी किनाऱ्यावर गेले, ओहोटीला पिशव्या भरभरून काळी पुळण आणली. दोन जिने चढवली. माझे खांदे भरून आले. गड्डे लावले, वरून पाणी घातलं, आणि कोंब वर येताना बघून लहान मुलीसारखी तुम्हाला हाक मारली.

शिमग्यापर्यंत पानांच्या कडा तपकिरी झाल्या. जाळल्यासारख्या. मग पानं गुंडाळून वाळली. मी पाणी वाढवलं तर तुम्ही म्हणालात, "कुजवशील. पाणी कमी कर." कमी केलं, तर आणखी जळली. उन्हाळ्यात गड्डे बाहेर काढले ते मऊ, पिचपिचीत, हातात धरवेनात असे.

आणि समोर तुमची कर्दळ! खांद्याला लागलेली, हिरवीगार, लाल तुरे आलेले. येईल त्याला तुम्ही गॅलरीत नेऊन दाखवायचात.

तेव्हा तुम्ही काय काय बोललात ते आठवतंय? आधी म्हणालात, "तुझ्या पोरानं कंपनीतलं पिंप आणलान, त्यात कायतरी इष असेल." मी म्हटलं, वैनी, तुमचं पण त्याच पिंपातलं अर्धं आहे. मग तुम्ही हसलात. "मग तुझा हात जड गो. काय्यांचा असतो."

हात जड! हे दोन शब्द तुम्ही पॅसेजमध्ये बोललात, ते आठवड्याभरात खालच्या मजल्यावर पोचले. मासे घ्यायला गेले तर आपली नेहमीची मासेवाली म्हणते, "काय वो, तुमची कर्दळ मेली म्हणे?" कर्दळ मरत नाही हो कुणाची! गटारात जगते ती. ती माझ्याकडे मेली, म्हणजे माझ्यातच काहीतरी असणार, असं मलाही वाटायला लागलं. भाजीला फोडणी देताना सुद्धा मी माझ्या हाताकडे बघायची.

दिवाळीनंतर तुम्ही स्वतःहून दोन गड्डे दिलेत. मोठेपणाच केलात. "जुनी पुळण टाकून दे, ताजी आण," म्हणालात. मी ताजी आणली. पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा तेच. एकदा मी धीर करून विचारलं, वैनी, तुमच्या कुंडीत नक्की पुळणच आहे ना? तुम्ही मला गॅलरीत नेलंत, कर्दळीच्या बुडाशी बोट खुपसलंत नि वर काढून दाखवलंत. बोटाला काळी पुळण. "बघ. डोळ्यांनी बघ," म्हणालात. मी बघितलं. आणि शरमेनं माझ्या घरी आले.

एका बोटाची खोली पुरली तुम्हाला, वैनी.

एक वर्ष तुमच्याकडे नि एक वर्ष माझ्याकडे असं ठरलेलं, त्यातलं माझं वर्ष आलंच नाही. दारात कर्दळ नाही, तर पान कुठून आणणार? मी म्हटलं, तुमच्या कुंडीतलं एक द्या, एकाच गड्ड्याची तर लेकरं आहेत. तुम्ही म्हणालात, "मागितलेलं चालत नाय गो. आयेचा शब्द मी कसा मोडू?" आयेचा शब्द! आयेनं शेवटची वर्षं कुणाच्या हातचं पाणी प्यायलं ते तुम्हाला माहीत होतं. पण शब्द मात्र तुमच्याकडे राहिला.

तर दर वर्षी मी पॅसेज ओलांडून तुमच्याकडे यायची, आपल्याच गौरीकडे पाहुणी म्हणून. पहाटे उठून घावन काढायचे, घाटलं ढवळायचं, दुसऱ्या दिवशी तिखटाच्या नैवेद्याला चिंबोऱ्या साफ करायच्या. ओट्याशी मी, आणि गौरीपुढे तुम्ही.

त्याचंही मला काही वाटलं नसतं. पण प्रणालीचा ओवसा तुम्ही तरी नीट होऊ द्यायचा होतात.

संकेतचं लग्न झालं नि त्या वर्षी गौर पूर्वा नक्षत्रावर आली. नव्या सुनेनं सुपं भरून गौरीला ओवसायचं, म्हणजे ओवाळून वाहायचं, ते पहिलं एकदाच असतं. माझ्या सुनेचा पहिला ओवसा माझ्या घरात व्हावा एवढंच मागत होते मी. वर्षही माझंच होतं. नाही झाला. पोर नऊवारी नेसून, सुपं घेऊन तुमच्या दारात उभी राहिली, आणि तुमच्या माहेरच्या बायका आत होत्या म्हणून तुम्ही तिला पॅसेजमध्ये थांबवलंत. हात भरून आले तिचे. मग आत घेतलंत नि सगळ्या बायकांदेखत म्हणालात, "सासूचा हात जड हो. तू तरी माझ्याकडे शिक."

प्रणालीनं गौरीपुढे सुपं ठेवली. मी ओट्याकडे वळले. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "आई, तुमच्या हातचंच जेवते मी रोज. मला कुठे जड लागतं?" त्या दिवशी मी न्हाणीघराचं दार लावून रडले. तुम्हाला हे माहीत नव्हतं, आता असू दे.

मग तुम्ही आजारी पडलात. तुमचा महेश मुंबईला, त्याची नोकरी, बायकोची नोकरी, पोरांच्या शाळा. तो यायचा, दोन दिवस राहायचा, डोळ्यांत पाणी आणून जायचा. त्याला नावं ठेवत नाही मी. पण सकाळ-संध्याकाळ पेज कुणी आणली? पाठ कुणी पुसली? याच जड हातांनी ना? डॉक्टरनं तुमचं मीठ तोडलं होतं. तुम्ही पेजेचा वाडगा तोंडाशी धरून लहान पोरासारख्या म्हणायचात, "चिमूटभर घाल गो सुलभा. कोणाला कळणाराय?" मी घालत नव्हते. मला वाईट वाटायचं, पण घालत नव्हते. तुम्हाला अपाय होऊ नये म्हणून! आणि तुम्ही माझ्या कर्दळीला पिंप भरून मीठ दिलंत.

शेवटच्या आठवड्यात तुम्ही माझा हात पकडलात. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. एवढ्या वर्षांत एकदा तरी म्हणतील, बाई, तुझे उपकार झाले. किंवा नुसतं माझं नाव घेतील. तुम्ही म्हणालात, "कर्दळीला पाणी घाल. पण उपटू नको. कुंडी आहे तश्शी राहू दे."

मी हो म्हटलं. बाहेर येऊन ह्यांना सांगितलं, बघा, जीव कर्दळीत अडकलाय वैनींचा, आयेची आठवण म्हणून.  किती वेडी मी! तुमचा जीव कर्दळीत नव्हता हो अडकला. तुम्हाला भीती होती, मी कुंडी उलटी करीन.

वर्ष गेलं. सुतकाच्या वर्षात गौर आणली नाही. महेशनं किल्ली माझ्याकडे दिली, मी रोज कुलूप उघडून पाणी घालत आले. गड्ड्यांनी पिंप गच्च भरलं. फूल येईना, पानं लहान व्हायला लागली. मला कळत होतं की आता विभागायला हवी, पण तुमचा शब्द होता. मी काय, शब्द पाळणारी. शेवटी उन्हानं कडक झालेलं ते पिंप गड्ड्यांनीच फोडलं, वरपासून खालपर्यंत चीर गेली. तशात महेशचा फोन आला. "काकू, घर भाड्यानं देतोय. गौर आता तुमच्याकडेच आणा. कुंडी पण न्या. आईला बरं वाटेल."

आईला बरं वाटेल म्हणे!

काल मी आणि प्रणालीनं ती कुंडी ओढत पॅसेजमध्ये आणली, गोणत्यावर आडवी केली नि पिंपाचा अर्धा भाग सोलून काढला. सगळा गोळा जसाच्या तसा राहिला. वरून चार बोटं काळी पुळण. आणि त्याखाली बुडापर्यंत तांबडी माती. शेणखत घातलेली, भुसभुशीत, तुमच्या माहेरच्या डोंगरातली. पुळण नि माती यांच्यामध्ये रेघ मारल्यासारखी सीमा. प्रणाली म्हणाली, "आई, काकींनी असं का केलं असेल? दिसायला?"

दिसायलाच गो, म्हटलं मी. मला दिसायला.

मग एकेक आठवत गेलं. तुमचा भाऊ टेम्पोतून आंबे घेऊन आला होता तेव्हा खाली चार पोती होती, तुम्ही म्हणालात तांदूळ आहेत. तुमच्या न्हाणीघरात बादलीभर पुळण भिजत पडलेली मी एकदा बघितली, तुम्ही म्हणालात भांडी घासायला. स्टीलची भांडी कोण पुळणीनं घासतं, वैनी? तुम्ही ती धुऊन घेत होतात. खार काढत होतात तिचा. म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं! समुद्राची ताजी पुळण खारट असते, मागच्या दारची पुळण किती पावसाळ्यांनी नि किती न्हाणीच्या पाण्यानं धुतलेली होती, आणि थोड्या पाण्यानं पिंपातला खार निघून जाणार नाही, हे सगळं ठाऊक होतं तुम्हाला. मलाच ठाऊक नव्हतं. चार बोटं पुळण धुऊन, वरून नीट पसरून ठेवलीत, की धाकटी बघायला आली तर तिला पुळणच दिसावी. केवढी मेहनत ती! एवढ्या मेहनतीत तुम्ही मला एक पोतं माती दिली असतीत.

कशासाठी केलंत? गौरीसाठी? गौर एक वर्ष माझ्याकडे बसली असती तर तुमचं थोरलेपण गेलं असतं का? भाऊजी गेले, घर गेलं, महेश मुंबईला गेला, तेव्हा गौर तरी आपल्याकडे राहावी असं वाटलं असेल तुम्हाला. काल गड्डे मोकळे करताना हा विचार माझ्या मनात आला. येऊ नये म्हटलं तरी आला. पण मग तसं सांगायचं होतंत ना! "सुलभा, मला एकटीला करमत नाय, गौर माझ्याकडे राहू दे." मी नाही म्हटलं असतं? मी तुम्हाला कधी कशाला नाही म्हटलंय? गौर सोडली असती मी, सुखानं. माझा हात जड नाही एवढं मात्र मला कळलं असतं.

आणि शेवटी हात धरलात तेव्हा तरी? घरात आपण दोघीच होतो. कुणी ऐकणारं नव्हतं. "मी तुला खोटं सांगितलं," एवढंच. मी रागावले असते, दोन दिवस पेज प्रणालीच्या हाती पाठवली असती. तिसऱ्या दिवशी आलेच असते. तुम्हाला त्यापेक्षा कुंडी झाकून मरणं सोपं वाटलं.

महेशला मी यातलं काही सांगणार नाही. त्याची आई त्याला राहू दे. पण तुम्हाला माफ केलं असंही लिहिणार नाही. मेलेल्या माणसाला माफ करायची रीत आहे म्हणतात, मला जमत नाहीय. उगाच खोटं कशाला? आपल्या दोघींत तेवढं पुरे झालं.

काल कोयता घेऊन मी गड्डे विभागले. मधले जुने पोकळ झालेले टाकून दिले, कडेचे कोंबवाले ठेवले. चार कुंड्या झाल्या. दोन माझ्या गॅलरीत, एक प्रणालीची म्हणून वेगळी, आणि एक महेशच्या बायकोला. सगळ्यांत तांबडी माती आणि शेणखत. पुळण कणभर नाही. हातानं थापून बसवली आणि भरपूर पाणी घातलं. आज सकाळी एका गड्ड्याचं गुंडाळलेलं पान उलगडायला लागलंय. माझ्या हातचं आहे ते, वैनी.

गौरी आठवड्यावर आल्या. आता वचन देते ते ऐका. गौर माझ्या घरी बसेल, माझ्या दारातल्या पानावर. पुढच्या वर्षी महेशनं मागितली तर त्याच्याकडे जाईल, आणि पान मी स्वतः कापून देईन, मागितलेलं चालत नाही असं कुणाला ऐकवणार नाही. प्रणालीला आणि महेशच्या बायकोला खरी माती कुठली ते दोघींना एकत्र बसवून सांगीन. आणि तिखटाच्या दिवशी गौरीचा नैवेद्य झाला की कर्दळीचं आणखी एक पान कापून तुमच्यासाठी वेगळं मांडीन. भात वाढीन, वर चिंबोऱ्यांचं कालवण.

मीठ तुम्हाला हवं तेवढं घालीन. आता अपाय व्हायची भीती नाही.

तुमची धाकटी जाऊ,
जड हाताची
सुलभा